लासेमचा लाल, सोलोचा तपकिरी: इंडोनेशियाच्या प्रांतांवर बेतलेला मेकअप कसा निवडावा, कसा लावावा

इंडोनेशियात आयशॅडोच्या डब्यांवर बेटांची, गावांची, ज्वालामुखींची नावं छापलेली असतात. ही रीत कालपरवाची नाही. मार्था तिलार यांच्या 'सारीआयू' या ब्रँडने १९८७ साली 'सेंजा दि स्रीवेदारी' नावाचा रंगसंच काढला. सेंजा म्हणजे सांजवेळ आणि स्रीवेदारी ही मध्य जावातल्या सोलो शहरातली जुनी बाग. तिथे वायांग ओरांगचे, म्हणजे नटांनी रंगमंचावर उभ्या केलेल्या रामायण-महाभारताचे प्रयोग होतात. पुढे याच ब्रँडने 'बोर्नियो', 'क्राकाताऊ', 'पापुआ', 'गिली लोम्बोक' अशा नावांचे संच आणले आणि प्रांताचं नाव घेऊन रंग विकणं तिथल्या बाजारात मुरलं.

हा लेख या संचांकडे नव्याने वळणाऱ्यांसाठी आहे. बालीहून कुणी पॅलेट आणून दिली आणि तिचं करायचं काय ते कळत नाही, जकार्त्याला जायचंय आणि तिथून काय घ्यावं ते ठरत नाही, किंवा ब्युटी पार्लरचा कोर्स चालू आहे आणि नवरीच्या त्याच त्या सोनेरी-मरून डोळ्यांचा कंटाळा आलाय, अशांपैकी कुणीही असा. आधी रंग ओळखू, मग डबा वाचू, मग चेहऱ्याला हात लावू.

पायरी १: नावामागची वस्तू शोधा

डब्यावर 'पापुआ' लिहिलेलं आहे म्हणून आतला हिरवा पापुआचा होत नाही. पहिला प्रश्न असा विचारायचा: हा रंग तिथल्या नेमक्या कशातून घेतलाय? कापडातून, घराच्या भिंतीवरून, पक्ष्याच्या पिसातून, तळ्यातून? कंपनीने ते सांगितलं असेल तर छान. नसेल तर त्या प्रदेशाचे फोटो स्वतः शोधा आणि डबा शेजारी धरून बघा. दहा मिनिटांचं काम आहे, पण त्यानंतर कुठला रंग कुठल्या रंगाबरोबर लावायचा हे आपोआप सुचायला लागतं.

कापडावरून घेतलेले रंग सगळ्यात भरवशाचे. जावातली 'तिगा नेगरी' नावाची बाटिक घ्या. नावात तीन मुलुख आहेत, कारण एकच कापड रंगासाठी तीन गावं फिरायचं: लाल रंग उत्तर किनाऱ्यावरच्या लासेमला, निळा पेकालोंगानला आणि तपकिरी सोलोला. लासेमच्या लालला तिथे 'गेतिह पितिक' म्हणतात, म्हणजे कोंबडीच्या रक्ताचा लाल. हा लाल तिथल्याच पाण्यात उतरतो अशी समजूत आहे. सोलोच्या तपकिरीला 'सोगा' म्हणतात आणि तो झाडांच्या सालींपासून निघतो. त्यातलं एक झाड आपण रोज बघतो. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर उन्हाळ्यात पिवळ्या फुलांचा सडा घालणारा सोनमोहर, ज्याच्या तांबूस-तपकिरी शेंगा नंतर महिनोन्‌महिने लटकत राहतात, तोच. सोगाचा रंग कसा असतो ते बघायचं असेल तर त्या शेंगा बघा. बराच जवळ जातो.

सुंबा बेटावरच्या इकत कापडात मुळांपासून काढलेला गंजासारखा लाल आणि निळीचा गडद निळा असतो. सुलावेसीतल्या तोराजा लोकांची नक्षीदार लाकडी घरं काळा, लाल, पिवळा आणि पांढरा या चार रंगांत रंगवलेली असतात. काजळीचा काळा, मातीचे लाल आणि पिवळा, चुन्याचा पांढरा. बालीत देवळांच्या मूर्तींना आणि झाडांना गुंडाळलेलं काळ्या-पांढऱ्या चौकटींचं कापड दिसतं, ते 'पोलेंग'. सुमात्रातल्या पालेमबांगच्या 'सोंगकेट' कापडात सोनेरी जर असते.

निसर्गावर बेतलेले संच दिसायला जास्त भुरळ घालतात. फ्लोरेस बेटावरच्या केलिमुतू ज्वालामुखीतली तीन रंगांची तळी, पूर्व जावातल्या इजेन विवरातलं फिरोजी आम्ल-तळं आणि त्याच्या काठचा गंधकाचा पिवळा, कोमोडोचा गुलाबी किनारा, पापुआचा स्वर्गीय पक्षी. फोटोत सगळे अफाट. पण या रंगांची चेहऱ्यावर पंचाईत होते.

माझं मत सरळ आहे: पहिला संच घ्यायचा तर कापडावर बेतलेला घ्या. बाटिकचे, इकतचे रंग तिथल्या तपकिरी कांतीच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या अंगावर वागवलेले आहेत. जे शोभले नाहीत ते मागे पडले, शोभले ते टिकले. ज्वालामुखीच्या तळ्याला कुणाच्या कातडीशी जुळवून घ्यावं लागलं नव्हतं. मराठी घरांतल्या गव्हाळ, निमगोऱ्या, सावळ्या चेहऱ्यांना म्हणूनच सोगा आणि लासेम पहिल्याच दिवशी जमतात. केलिमुतूला मेहनत लागते.

पायरी २: डबा उलटा करा आणि वाचा

पुढची बाजू विकण्यासाठी असते, कामाची माहिती मागे. तिथे चार गोष्टी बघायच्या.

पहिली, नोंदणी क्रमांक. इंडोनेशियात सौंदर्यप्रसाधनांवर 'बीपीओएम' या सरकारी संस्थेची नजर असते. अधिकृत मालावर 'एनए' ही रोमन अक्षरं आणि त्यापुढे अकरा आकडे असतात. 'एनए' म्हणजे आशियात बनलेला माल, त्यात इंडोनेशियाचा स्वतःचा मालही आला. युरोपातल्या मालाला 'एनसी', अमेरिकेतल्याला 'एनई'. हा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाकला की मालाचं आणि कंपनीचं नाव समोर येतं. ते डब्यावरच्या नावाशी जुळलं नाही तर डबा परत ठेवा. हा वेळेचा अपव्यय नाही, कारण तिथे बेकायदा मालात पारा, हायड्रोक्विनोन आणि कापडाला लावायचे लाल रंग सापडत असल्याचे इशारे ही संस्था वारंवार देते. गोरं करणारी क्रीम आणि अति स्वस्त, अति भडक लिपस्टिक यांच्या बाबतीत तर क्रमांक तपासल्याशिवाय पाकिटाला हात लावू नका.

दुसरी, हलाल चिन्ह. २०२२ पासून ते जांभळ्या रंगात येतं आणि त्याचा आकार वायांगच्या छायाबाहुल्यांच्या खेळातल्या डोंगराच्या बाहुलीवरून, 'गुनुंगान'वरून घेतलाय. २०१४ च्या कायद्याखाली सौंदर्यप्रसाधनांना हे प्रमाणपत्र सक्तीचं करायची तारीख १७ ऑक्टोबर २०२६ अशी ठरलेली आहे. आपल्याकडच्या शाकाहारी वाचकांनी इथे थांबावं. हलाल म्हणजे शाकाहारी असा अर्थ होत नाही. मधमाशीचं मेण चालतं. कोचिनियल किड्यापासून काढलेला लाल रंग खाण्यापिण्यात चालतो, असा निर्वाळा तिथल्या उलेमा परिषदेने २०११ मध्ये दिलेला आहे. लिपस्टिकच्या घटकांत 'सीआय ७५४७०' दिसलं की तो हाच किड्याचा रंग समजा.

तिसरी, रंगांचे हे 'सीआय' क्रमांक. पाठ करायची गरज नाही, पण चार-पाच ओळखीचे झाले की जाहिरातीची भाषा कापता येते. ७७४९१ म्हणजे लोहाचा लाल ऑक्साइड, ७७४९२ पिवळा, ७७४९९ काळा. ७७८९१ म्हणजे टायटॅनियम डायॉक्साइड, पांढरा. ७७०१९ म्हणजे अभ्रक, चमक त्याची. ७७००७ हा अल्ट्रामरीन निळा. बोर्नियोच्या जंगलाच्या नावाचा हिरवा असो की क्राकाताऊच्या लाव्ह्याचा केशरी, आतला माल बहुतेक वेळा हाच असतो. यात फसवणूक नाही. झाडाच्या सालीचा रंग डोळ्यावर टिकणारही नाही आणि प्रत्येक डब्यात सारखा येणारही नाही. तोराजाच्या बाबतीत तर गंमत आहे. तिथल्या लाल-पिवळ्या मातीचा रंग लोहामुळेच आलेला असतो, त्यामुळे घराची भिंत आणि पॅलेट दोन्हीकडे रंगाचं मूळ एकच.

चौथी, तारीख. 'केदालुवार्सा' किंवा 'ईएक्सपी' या शब्दापुढे वापराची मुदत असते. उघड्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात १२ किंवा २४ असा आकडा दिसला तर उघडल्यापासून तितके महिने. प्रांतांवरचे हे संच ठरावीक काळापुरते निघतात आणि मग बंद होतात. जुना साठा नंतर ऑनलाइन स्वस्तात फिरत राहतो. एखादा गाजलेला, बंद पडलेला संच अर्ध्या किमतीत दिसला की विकत घेण्याआधी विक्रेत्याकडे डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो मागा.

डबा वाचायला एवढे शब्द पुरतात:

पेरोना माता: आयशॅडो
पेरोना पिपी: ब्लश
आलास बेदाक: फाउंडेशन
बेदाक ताबुर: सुटी पावडर
बेदाक पादात: कॉम्पॅक्ट
पेन्सिल आलिस: भुवयांची पेन्सिल
कोम्पोसिसी: घटक
चारा पाकाई: वापरायची पद्धत

पायरी ३: छटा स्वतःच्या चेहऱ्यावर ठरवा

पावडर आणि फाउंडेशनवर दोन फळांची नावं भेटतील. 'कुनिंग लांगसात' ही लांगसात नावाच्या फिक्या पिवळसर फळावरून आलेली उजळ छटा. 'सावो मातांग' म्हणजे पिकलेला चिकू. दुकानातली मुलगी सौजन्याने तुमच्या हातात लांगसात ठेवेल, कारण उजळ छटा सुचवणं हे तिथेही शिष्टाचारात बसतं. आपल्यापैकी बहुतेकांची जागा चिकूच्या आसपास आहे. लांगसात लावून बाहेर पडलात तर घरी येईपर्यंत चेहऱ्यावर राखाडी थर दिसायला लागेल आणि फ्लॅशच्या फोटोत चेहरा एका रंगाचा, मान दुसऱ्या रंगाची येईल.

छटा मनगटावर बघू नका. जबड्याच्या कडेला, मानेकडे उतरणारी एक बोटभर रेघ ओढा, दुकानाच्या दाराशी दिवसाच्या उजेडात जा, दहा मिनिटं थांबा. फाउंडेशन हवेत थोडं गडद होतं, म्हणून थांबायचं. हल्ली बऱ्याच ब्रँडच्या छटांना डब्ल्यू, एन, सी अशी अक्षरं असतात: उबदार, मधली, थंड. हळदीसारखी पिवळट झाक असलेल्या कांतीला डब्ल्यू. उन्हाने रापलेल्या सावळ्या चेहऱ्याला कधी एन जास्त बरी दिसते, तेव्हा दोन्ही लावून बघा.

एक निरीक्षण इथेच नोंदवते. पूर्वेकडच्या बेटांच्या नावाने पॅलेट विकणाऱ्या कुठल्याही ब्रँडकडे त्या बेटांवरच्या गडद कांतीच्या बाईला बसेल अशी फाउंडेशनची छटा आहे का, हे जरूर बघा. नसेल तर पॅलेटवरचं नाव फक्त सजावटीचं आहे असं मी धरते. फाउंडेशन दुसरीकडून घ्या, आयशॅडो तेवढी ठेवा.

पायरी ४: पहिला लुक, तिगा नेगरी

सुरुवात याच्यापासून करा. तीन रंग, तीन जागा: तपकिरी पापणीवर, निळा पापणीच्या केसांलगत, लाल ओठांवर. हाताशी इंडोनेशियन पॅलेट नसली तरी हे तीन रंग कुठल्याही ब्रँडमध्ये मिळतात, मग त्यावरच सराव करा.

चेहरा धुवून मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन लावा, पाच मिनिटं जाऊ द्या. फाउंडेशन पातळ. डाग झाकायचे असतील तिथेच दुसरा हात. आता पापणीवर कन्सीलरचा अगदी हलका थर द्या आणि वरून चिमूटभर पावडर फिरवा. ही पायरी टाळली तर मुंबईच्या दमटपणात दोन तासांत सगळा रंग पापणीच्या घडीत गोळा होतो.

सोगा म्हणून चमक नसलेला, थोडा लालसर तपकिरी निवडा. काळपट कॉफीचा नको. मऊ, फुगीर ब्रशवर थोडाच रंग घ्या, झटका, आणि डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून सुरुवात करून घडीवर पुढे-मागे फिरवा. आतल्या कोपऱ्याकडे येईपर्यंत ब्रशवरचा रंग संपलेला असावा. मग त्याच जातीचा एक छटा गडद तपकिरी फक्त बाहेरच्या तिसऱ्या भागावर. दोघांमधली सीमा दिसत असेल तर कोरड्या, स्वच्छ ब्रशने पुसट करा. नवख्या हाताला वाटतं अजून रंग हवा. खरं तर अजून पुसायला हवं असतं.

निळ्यासाठी नीळ-रंगाची पेन्सिल घ्या. काळं काजळ आज बाजूला ठेवा, कारण त्याच्या शेजारी गडद निळा दिसतच नाही. वरच्या पापणीच्या केसांच्या मुळांशी छोटे छोटे ठिपके ठेवा आणि जोडत जा. एका ओढीत सरळ रेघ मारायचा हट्ट नको. चपट्या छोट्या ब्रशने ती रेघ किंचित पसरवा आणि वरून त्याच रंगाची आयशॅडो दाबा, म्हणजे ती हलत नाही. खालची पापणी मोकळी सोडा.

आता लासेम. गव्हाळ चेहऱ्याला स्वच्छ, किंचित केशरीकडे झुकणारा लाल उठून दिसतो. सावळ्या चेहऱ्यावर तोच लाल कधी गुलाबी वाटायला लागतो, तिथे तपकिरीची झाक असलेला गडद लाल घ्या. आधी लिप पेन्सिलने कडा आखा, मग मधे भरा, टिश्यू दाबा, पुन्हा एक हात. त्याच लिपस्टिकचा एक ठिपका गालांवर बोटाने थोपटला की वेगळा ब्लश लागत नाही. भुवया फक्त विंचरा, विरळ असतील तिथे दोन-चार बारीक रेघा.

साडीवर करायचा असेल तर निळी इरकल काढा. तिचा लाल पदर आणि हे ओठ एका घरातले वाटतात. टिकली मरून, छोटी.

पायरी ५: दुसरा लुक, केलिमुतू

केलिमुतूची तिन्ही तळी एकाच डोंगरमाथ्यावर आहेत. जवळच्या लिओ लोकांची श्रद्धा अशी की मेलेल्यांचे आत्मे इथे येतात: म्हाताऱ्यांचे एका तळ्यात, तरुणांचे दुसऱ्यात, वाईट कर्म केलेल्यांचे तिसऱ्यात. तळ्यांचे रंग खालून येणारे वायू आणि पाण्यातली खनिजं यांच्यामुळे काळानुसार बदलत राहतात. फिरोजी, हिरवा, काळपट, कधी लालसर. त्यामुळे 'अस्सल केलिमुतू छटा' असा दावा कुणी केला तर हसून सोडून द्या. तुम्हाला आवडेल तो फोटो निवडा.

इथे आधी डोळे, नंतर फाउंडेशन. चमकदार रंगाचे कण गालांवर सांडतात, ते पुसून मग बेस लावणं सोपं. फिरोजी रंग उघड्या तपकिरी कातडीवर खडूसारखा बसतो. त्याला खाली गडद जमीन द्यावी लागते. काळी किंवा गडद तपकिरी मऊ पेन्सिल पापणीच्या मधल्या भागावर फासा, बोटाने धूसर करा आणि ती चिकट असतानाच फिरोजी चमक बोटाच्या टोकाने दाबून बसवा. ब्रश फिरवू नका, दाबा. कडेला पुन्हा सोगाचा तपकिरी, कारण घडीपासून भुवईपर्यंत निळा नेला की डोळा थकलेला, सुजलेला दिसतो. तळ्याभोवती खडकही असतोच.

ऑफिसला जायचं असेल तर ही सगळी कसरत सोडा. फक्त खालच्या पापणीच्या बाहेरच्या अर्ध्या भागावर फिरोजीची बारीक रेघ, वर नेहमीचं काजळ, ओठांवर तपकिरी-गुलाबी. पुरे.

इजेनच्या गंधकी पिवळ्याला मी नवख्यांनी लगेच हात लावू नये असं म्हणेन. तो आवडलाच असेल तर डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात एक ठिपका. आणि डोळ्यांचे निळे-हिरवे रंग ओठांवर नेऊ नका. काही रंगद्रव्यं ओठांसाठी मान्य नसतात.

पायरी ६: लग्नाचा आणि नाचाचा मेकअप लांबून बघा

जावाच्या नवरीच्या कपाळावर केसांच्या कडेपासून खाली उतरणारे काळे, पानासारखे आकार असतात, त्यांना 'पाएस' म्हणतात. योग्याकार्ताच्या 'पाएस आगेंग' प्रकारात मधला सर्वांत मोठा आकार 'पेनुंगगुल', मग दोन्ही बाजूंना 'पेंगापित', 'पेनितिस' आणि कानाजवळ 'गोदेग'. आधी पेन्सिलने आखणी होते, मग 'पिदिह' नावाचं काळं लेपन आत भरलं जातं आणि कडेला सोनेरी रेघ येते. भुवया हरणाच्या शिंगासारख्या दुभंगलेल्या. सोलोच्या 'बासाहान' प्रकारात हेच आकार हिरवे असतात. केसांतून छातीवर मोगऱ्याच्या माळा उतरतात. होय, आपलाच मोगरा. तिथे त्याला 'मेलाती' म्हणतात आणि १९९३ पासून ते इंडोनेशियाचं राष्ट्रीय फूल आहे.

हा साज एके काळी राजघराण्यापुरता होता. आजही तो काढणाऱ्या जाणत्या बायका वेगळ्या असतात आणि आधी उपास धरण्याची जुनी पद्धत आहे. आकारांना प्रार्थनेचा अर्थ आहे. म्हणून फॅशन शोसाठी किंवा रीलसाठी कपाळावर पाएस रेखाटू नका. कुणी आपल्या नवरीच्या मुंडावळ्या पार्टीला बांधून आलं तर आपल्याला जे वाटेल तेच तिथल्या माणसाला वाटतं. बालीच्या नवरीच्या कपाळावरची काळी वळणदार रेघ आणि पश्चिम सुमात्राच्या मिनांगकाबाऊ नवरीचा काही किलो वजनाचा 'सुनतियांग' मुकुट यांनाही हाच नियम.

मग त्यातून घ्यायचं काय? पाएसमधून काळ्याच्या कडेला सोनं ही जोडी उचला. काळ्या आयलायनरच्या वर केसाएवढी सोनेरी रेघ ओढा, बाकी डोळा मोकळा. मिनांगकाबाऊकडून लाल-सोनेरी घ्या. मोगरा केसांत माळायला तर कुणाची परवानगी लागत नाही.

बालीच्या नर्तकींच्या डोळ्यांवर पिवळा, लाल आणि निळा असे तीन रंग थेट शेजारी शेजारी असतात, भुवया ठळक काळ्या, भुवयांमध्ये पांढरा ठिपका. हा मेकअप लांबून, मंडपाच्या उजेडात दिसावा म्हणून केलेला असतो. आरशासमोर हातभर अंतरावरून तो भडकच वाटणार. शाळेच्या गॅदरिंगला मुलींचा इंडोनेशियन नाच बसवत असाल तर रंग असेच जोरकस ठेवा, घाबरून फिके केलेत तर तिसऱ्या रांगेतून डोळे दिसणार नाहीत. लहान मुलींच्या कातडीवर आदल्या दिवशी कानामागे लावून बघा.

पायरी ७: काढणं, ठेवणं, आणणं

आधी तेल, मग फेसवॉश. खोबरेल दोन्ही देशांत घरात असतं आणि मेकअप उत्तम सोडवतं. पण मुरुमांची कातडी असेल तर त्याऐवजी मायसेलर वॉटर किंवा क्लेन्झिंग बाम घ्या. डोळ्यावर कापूस ओला करून अर्धा मिनिट ठेवायचा, घासायचं नाही. चमकीचे कण डोळ्यात गेले तर चोळू नका, पाण्याने धुवा.

कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात पॅलेटवर ओलसर थर येतो आणि कधी बुरशीही धरते. बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या जपून ठेवा आणि डब्यासोबत बंद पेटीत टाका. ओला स्पंज डब्यात परत ठेवू नका. वास बदललेली लिपस्टिक आणि तीन-चार महिन्यांपूर्वी उघडलेला मस्कारा टाकून द्या, कितीही महाग असला तरी.

खरेदी करताना मॉलमधलं साखळी दुकान किंवा ब्रँडचं अधिकृत ऑनलाइन दुकान पकडा. पर्यटकांच्या बाजारातल्या टोपल्यांत सारखेच दिसणारे स्वस्त डबे असतात, तिथे दुसऱ्या पायरीतला क्रमांक कामाला येतो. रुपियातले शून्य बघून दचकायला होतं. मोबाइलवर चालू दर काढून ठेवा आणि मगच घासाघीस करा, तीही बाजारातच. दुकानात किमती ठरलेल्या असतात. परतीच्या विमानात फाउंडेशन, क्लेन्झर यांच्या बाटल्या हातातल्या बॅगेत नेणार असाल तर प्रत्येकी १०० मिलीच्या आत हव्यात. पावडरची पॅलेट मात्र हातातल्या बॅगेतच ठेवा, मऊ कपड्यात गुंडाळून. सामानात टाकली तर चुरा होऊन येते. चुरा झालीच तर फेकू नका. सर्जिकल स्पिरिटचे काही थेंब घालून चमच्याने दाबा, रात्रभर उघडी वाळू द्या, पुन्हा वापरता येते.

स्वतःसाठी दोन-चार डबे आणणं वेगळं आणि पार्लरमध्ये किंवा इन्स्टाग्रामवर विकण्यासाठी मागवणं वेगळं. विक्रीसाठी आयात करायची तर भारतात २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांखाली त्या मालाची केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेकडे नोंदणी लागते. मैत्रिणी मागतात म्हणून ऑर्डर घ्यायला लागण्याआधी ते बघा.